फुकटचं टूल

जवळ सरका माऊलींनो, एका टूलची गोष्ट सांगतो. यवतमाळात कापूस खरेदीच्या नोंदणीचं पोर्टल सुरू होऊन आठवडा झाला होता. त्याचे एपीआय, म्हणजे पोर्टलची आतली माहितीची देवाणघेवाण, तपासायला मैत्रेयीनं फुकट मिळणारं ओपन-सोर्स टूल निवडलं आणि तिचे वरिष्ठ अनंतसाहेब खवळले.

“फुकटचं टूल चूक म्हणून लाल दाखवते अन् तू खरं मानतेस? पोर्टल ‘नोंद झाली’ म्हणून राह्यलं ना!”

“म्हणते, साहेब. पण हे टूल तीच नोंद परत मागते, तर सापडत नाही.”

“कोण्या भुताचं नाव टाकलं असशील!”

“माझ्या आईचं. मी नाही टाकलं, तिनंच परवा नोंदवलं. गाडी भरून सकाळपासून केंद्रावर उभी आहे.”

साहेबांनी तिच्या स्क्रीनकडं बोट दाखवलं. “ते टूल आधी काढून टाक.”

श्रोतेहो, नामस्मरणाला बसाल तेव्हा मैत्रेयीच्या आईचं, रांगेतल्या सत्यशीलाबाईंचंही नाव घ्या.