नवी दोरी

टिपणिसांनी सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावला आणि तसाच ठेवला. काचेवरच्या खाऱ्या थेंबात समुद्री गोगलगायीचं पिल्लू निपचित पडलं होतं. शंख काचेसारखा, आतलं सगळं दिसत होतं. अंग शंखात ओढून घेणारा पहिला स्नायू विरघळला होता. त्याच्या जागी यायचा तो आलाच नव्हता.

"सायेब, दिसली का?" चंद्रावतीने विचारलं.

एकोणसाठ सालची थंडी होती. धाकट्या डहाणूत चंद्रावतीच्याच पडवीत, ऊन येईल अशा जागी, गोगलगायींचा अभ्यास करायला आलेल्या टिपणिसांनी टेबल मांडलं होतं. तिची सहा वर्षांची हंसा शेजारी स्टुलावर बसली होती. गेल्या पावसात ताप आला, तेव्हापासून हंसाचा डावा पाय लुळा होता.

समजावं म्हणून टिपणिसांनी स्नायूला दोरी म्हटलं होतं. जुनी दोरी विरघळते, मग नवी येते, असं ते पिल्लाबद्दल बोलले होते. चंद्रावती तेच हंसाच्या पायाबद्दल बोलू लागली.

समोर बोंबील वाळत घालणारी पुतळी ओरडली, "चंद्रावती, दोरी आली तर आमच्या होडीला पण वावभर ठेव गो."

बाया हसल्या. चंद्रावतीने तिकडे पाहिलं नाही.

"मुंबईचा डॉक्टर लोखंडी पट्ट्यांचा बूट घाला म्हणतो. हिचा बाप उद्याची गाडी धरायची म्हणतो," ती टिपणिसांना म्हणाली. "आज नवी दिसली तर मी पोरीला लोखंडात घालणार नाय. नाय दिसली तर जाते."

"बाई, हे गोगलगायीचं आहे. माणसाचं तसं…"

"दोरी ती दोरी. तुमीच बोललात."

टिपणिसांनी घसा साफ केला. पिल्लू मेलं, नवी आलीच नाही, एवढं एक वाक्य पुरेसं होतं.

"मी बघते," हंसा म्हणाली आणि नळीवर वाकली.

ती बराच वेळ पाहत राहिली. जिवंत पिल्लू कसं दिसतं, ते रोज बघून तिला माहीत होतं.

"आये, आली."

"खरं?"

"नवी हाय. माझी पण आली. बघ."

स्टुलावरून लोंबणारा डावा पाय किंचित वर उचलला गेला. थांबला. पुन्हा उचलला गेला.

चंद्रावतीने तोंडावर पदर धरला.

टिपणीस दुसऱ्या बाजूला उभे होते. तिथून परकराखाली गेलेला हंसाचा हात दिसत होता. गुडघ्याखालून पाय उचलून धरणारी बोटं ताणून पांढरी पडली होती.

हंसाने नळीवरचा डोळा काढला नव्हता. दुसरा डोळा उघडाच होता. तो टिपणिसांकडे पाहत होता.