चिमट्यातली खूण

“चालून दाखव,” मिस्त्री मुलीला म्हणाले.

मुलगी एक्केचाळीस वर्षांची. तिने सायकल भिंतीला टेकवली आणि शटरपासून भट्टीपर्यंत चालून दाखवलं. डावा पाय दोन इंचांनी आखूड. दर पावलाला डावा खांदा खाली जायचा आणि वर यायचा. संग्रहालयाच्या बाईंनी नजर टेबलावरच्या कानशींकडे वळवली. नोंदी घेणाऱ्या चष्मेवाल्याने वहीत डोकं खुपसलं. फोटोवाल्याला तेवढी लाज नव्हती.

“आता बसून दाखव.”

ती सायकलवर बसली आणि गल्लीत एक फेरी मारून आली. सायकलवर ती लंगडी नव्हतीच. डावं पेडल उंच, त्याचा दांडा आखूड, बैठक अर्धं बोट उजवीकडे आणि फ्रेमची वरची नळी किंचित वळवून घेतलेली. याच सायकलवरून ती रोज सहा किलोमीटरवरच्या छापखान्यात कामाला जायची. वाटेतल्या कितीतरी लोकांना तिच्या पायाचा पत्ताच नव्हता.

“पाहिलंत?” मिस्त्री म्हणाले. “खोट माणसात नसते. मापात असते.”

हे वाक्य त्यांनी सकाळी दाढी करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं.

एके काळी या गल्लीत सायकलच्या फ्रेमी हाताने बांधणारे अकरा जण होते. आता दहा गाळ्यांत मोबाइलची कव्हरं, नळाच्या तोट्या आणि कोपऱ्यावर एक जिम. तिथे लोक पैसे मोजून जागच्या न हलणाऱ्या सायकली चालवतात. उरले ते एकटे मिस्त्री. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांसाठी त्यांनी पाठीला पाठ लावून बसायची सायकल बांधली होती. एका हाताच्या टपालवाल्यासाठी एका मुठीची. त्यांच्याबद्दल कुणी कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता मात्र संग्रहालयात एक दालन होणार होतं आणि दारावर त्यांचं नाव लागणार होतं. कौतुकाची भूक वाईट. सत्तरी उलटल्यावर लागली तर माणूस पोटच्या पोरीलाही ताटात वाढतो.

मुलीने एकच अट घातली होती. “सायकल देते, बाबा. मी जाईन बसने. पण माझ्या पायाचं खरं काय ते त्यांना सांगा. एकदाच, तुमच्या तोंडाने.”

“सांगतो की,” मिस्त्री आरशात बघत म्हणाले होते.

त्या एका वाक्यासाठी ती बत्तीस वर्षं थांबली होती. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. म्हणणारे काय, काहीही म्हणतात.

फोटोवाला सायकलभोवती फिरू लागला. “ते टोपलीतलं गाठोडं काढ गं,” मिस्त्री म्हणाले. “फोटोत येतंय.”

“राहू दे,” ती म्हणाली.

मग बाईंनी हळूच विचारलं, “पायाला काय झालं होतं यांच्या?”

मुलीने बापाकडे पाहिलं. मिस्त्रींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांचे ओठ हलले, आणि तिला खरंच वाटलं की आता येतंय.

“लहानपणी जिन्यावरून पडली,” मिस्त्री म्हणाले आणि हसले. “फार द्वाड होती. ऐकायची नाही कुणाचं.”

चष्मेवाल्याने लिहून घेतलं. मुलीचे कान लाल झाले.

“तुमची खूण कुठे असते?” बाईंनी विचारलं. “नोंदीत लागते.”

आता मिस्त्री खुलले. “पुढचं चाक धरणारा हा चिमटा आहे ना, त्याच्या नळीच्या आत पानाचा एक छाप ठोकतो मी. बाहेर मिरवणारे वेगळे. आणि सांध्यात वितळवलेलं पितळ आतपर्यंत उतरलं पाहिजे, बाई. घाई केली की ते नुसतं कडेला बसतं. वरून कानस मारली, रंग दिला की कुणाच्या बापाला कळत नाही. तसलं काम या हातांनी केलं नाही. माझी खूण बघायची तर चिमटा तुटायला हवा, आणि माझा चिमटा आजवर तुटलेला नाही. लिहा तसं.”

चष्मेवाल्याने तेही लिहिलं.

मुलीने टोपलीतलं गाठोडं काढून टेबलावर सोडलं. आत एक लहानसा लाल चिमटा होता, नऊ वर्षांच्या पोरीच्या सायकलचा. आई गेल्यावर तिच्या ट्रंकेच्या तळाशी सापडलेला. माथ्याच्या सांध्यातून तो साफ तुटला होता.

“ही घ्या खूण,” ती म्हणाली.

बाईंनी तो उजेडात धरला. नळीच्या आत एक पान होतं. पितळ फक्त कडेला होतं, नखाएवढं. आतला सगळा भाग कोरडा, गंजलेला. वरचा लाल रंग मात्र अजून सुरेख होता.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. “हा मी त्याच दिवशी भंगारात टाकला होता,” त्यांच्या तोंडून निसटलं.

चष्मेवाल्याचं पेन थांबलं. “कुठल्या दिवशी?”

मिस्त्री कानशी नीट लावू लागले. एक खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

“लिहा,” मुलगी म्हणाली. “मी जिन्यावरून पडले त्या दिवशी.”