शेवंताकाकूंच्या कुरड्या

शेवंताकाकूंनी भरदुपारी गच्चीवरच्या कुरड्या उचलल्या, त्या केवळ लग्नघरी त्यांच्याखालची ताडपत्री हवी होती म्हणून. पण दुसऱ्याच मिनिटाला अख्ख्या अकोटात फोन कोकलले: ‘चार वाजता वादळ, गारपीट.’ खाली गल्लीत मांडव सुटू लागला.

“काकू, काऊन उचलल्या कुरड्या?” शेजारचा दिगंबर ओरडला. “हवामानाचं यंत्र यंदापासून वरून तुमचीच गच्ची पाह्यते. दहा उन्हाळे तुमचा अंदाज चुकला नाही म्हणे!”

काकू गोंधळल्या. आभाळ निरभ्र होतं, ऊन सत्तेचाळीस अंशांचं. त्यांनी घाईघाईने ताडपत्री अंथरून कुरड्या परत पसरल्या. लगेच फोनवर आलं: ‘धोका टळला.’ मांडव पुन्हा चढला.

साडेतीनला पश्चिमेकडून काळंकुट्ट भरून आलं. धूळ उडाली, मांडवाचं कापड फडफडलं. फोन मात्र गप्पच. सगळं वऱ्हाड माना वर करून काकूंकडे बघत राहिलं.

“काकू, उचलता का?” दिगंबरने विचारलं.

“थांब ना बापा,” हातातल्या फोनवरची नजर न काढता काकू म्हणाल्या. “याच्यावर अजून काही आलं नाही. दोन सालांपासून मी याच्यावरच पाहून तर कुरड्या उचलून राहिली.”