सशाचं दुमजली घर

हॉलमधल्या जुन्या शोकेसची काचेची दारं काढून मी लेकीच्या सशासाठी दुमजली घर केलं. पुढून जाळी ठोकली, वरच्या कप्प्यातून खाली यायला फळीचा उतार केला, कोपऱ्यात वाळल्या गवताची टोपली ठेवली. शेजारचे मुद्दाम बघायला यायचे. फक्त ससाच काही बाहेर पाऊल टाकेना. जाळीचं दार सताड उघडं असलं तरी कडेशी येऊन थबकायचा, फरशीकडे बघायचा आणि मागे फिरायचा. लेक रडकुंडीला आली.

जनावरांच्या डॉक्टरांनी घर पाहिलं, माझं कौतुक केलं आणि फरशीवर हात फिरवून म्हणाले, "अहो, केवढी गुळगुळीत आहे ही! पाय सटकतात त्याचे, म्हणून घाबरतोय. चटया अंथरा."

त्याच संध्याकाळी मी हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत रबरी चटया अंथरल्या, कडा टेपनं चिकटवल्या. ससा टुणटुण उड्या मारत थेट आईच्या पलंगापाशी पोचला. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये घसरून आईचं खुब्याचं हाड मोडलं. आता ती पुन्हा चालेल असं कुणीच म्हणत नाही.

"बघ ना आई," मी म्हणालो, "बिचारा फरशीला घाबरत होता, म्हणून बाहेर येत नव्हता."

लेकीनं ससा उचलून आजीच्या कुशीत ठेवला. आईनं त्याच्या कानांवरून हात फिरवला आणि हळूच त्यालाच विचारलं,



"तू कसं सांगितलंस रे यांना? मी तर दोन वर्षं सांगत होते."