तीन नंबरची टाकी

"तीन नंबर आज रिकामी करायची," मेधा म्हणाली. तिच्या हातात ब्लीचचा कॅन होता.

प्रबोध टाकीसमोर आडवा उभा राहिला. शहराच्या बुओना व्हिस्टा भागातल्या त्या प्रयोगशाळेत अशा चार टाक्या होत्या. मैलापाणी केंद्रातून आणलेला गाळ त्यांत भरायचा आणि वरून कँटीनचं उरलेलं अन्न घालायचं. आत हवा नसते. गाळातले जंतू अन्न पचवतात, गॅस देतात. खाणं जास्त झालं की टाकी आंबते. तीन नंबर मार्चमध्येच आंबली होती. प्रबोध तिला सोडा घालून, थोडी थोडी पेज भरवून जगवत होता.

"अजून एक आठवडा थांब. गॅस वाढतोय."

"नाही वाढत, प्रबोधदादा. मी मीटर बघितला. तुम्ही मला इतके महिने खोटं सांगताय. माझा प्रयोग अडलाय, स्कॉलरशिप संपत आलीय. आणि जावयाचेही कुणी करत नाही एवढे लाड तुम्ही करताय. कुणाचे? तर मैल्याचे!"

प्रबोधला मान वर करवेना. त्याची बायको नीलिमा फेब्रुवारीत गेली, तेव्हा हीच मुलगी रोज डबा आणून देत होती. आणि तो तिच्याशीच खोटं बोलला होता.

मेधाचा आवाज खाली आला. "खरं तर तुम्हाला या टाकीचा राग यायला हवा."

तेही खरं होतं. नीलिमा घरात कोसळली तेव्हा तो याच टाकीपाशी होता. फोन बाहेर लॉकरमध्ये वाजत राहिला होता.

"चुकलो मी," तो म्हणाला. "आण तो कॅन. मीच करतो."

त्याने खालच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"दादा, नवा गाळ त्याच केंद्रातून येणार आहे. तेच जंतू. फरक काय पडतो?"

"माणसांच्या पोटातूनच येतात ते तिथे. आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटचं पाणीही त्याच केंद्रात जातं," प्रबोध म्हणाला. "हा गाळ जानेवारीतला आहे. तेव्हा घरात आम्ही दोघं होतो."

आणि त्याने व्हॉल्व्ह उघडला.