बोंडअळीच्या पतंगाची चोरी

"या संग्रहालयातून माझ्या परवानगीशिवाय मुंगीसुद्धा बाहेर जात नाही," असं वामनराव तपासणी समितीला सांगणार होते. वाक्य पाठ झालं होतं. मग त्यांनी सतरा नंबरची पेटी उघडली. गुलाबी बोंडअळीचा पतंग बाहेर गेलेला होता. टाचणी जागेवर, नावाची चिठ्ठी जागेवर, खाली चिमूटभर भुसा.

अमरावतीच्या त्या कॉलेजात फुलपाखरं आणि पतंगांच्या चाळीस पेट्या होत्या. खोलीची किल्ली दोघांकडेच: संग्रहालयप्रमुख वामनरावांकडे आणि झाडायला येणाऱ्या मैनाबाईकडे. स्वतःवर संशय घ्यायला वामनरावांना काही कारण दिसेना.

मैनाबाईचं भातकुलीला दोन एकर वावर. कपाशी. दोन हंगाम बोंडअळीनं खाल्लेली. म्हणजे सूड. भुसा सांडला म्हणजे चोर घाईत होता. त्यांनी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, 'सदर बाईस आजपासून कामावरून कमी करावे', आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. लोकरीचा कोट, समितीसाठी आजच घरच्या ट्रंकेतून काढलेला.

चोरीचा आळ आल्याचं ऐकून मैनाबाई आली ती हात जोडूनच. याच पगारावर तिची मुलगी आचल अकोल्याला नर्सिंग शिकत होती. आरोप पतंगाचा आहे हे कळल्यावर तिनं हात सोडले.

"साहेब, वावरात जिते वळवळून राहिले. त्याईले मारता मारता जीव चालला आमचा. मेलेला एक कायले चोरू?"

मग तिनं न विचारता शेजारची पेटी उघडली. तिथं दोन टाचण्या मोकळ्या, आणि भुशात काहीतरी बारीक हलत होतं. पुढच्या पेटीतही तेच. प्रत्येक पेटीच्या कोपऱ्यात जाळीची एक छोटी पिशवी होती. सगळ्या रिकाम्या. होळीपर्यंत या भरलेल्या होत्या, आपण झाडताना रोज पाहायचो, असं ती म्हणाली.

यामागे टोळी असावी, असं वामनराव गंभीरपणे म्हणाले. अर्जात 'सदर बाई व साथीदार' अशी दुरुस्ती करायला त्यांनी कोटाची बटणं सोडली.

मैनाबाईनं दोनदा श्वास ओढला. अर्जाकडे पाहिलंही नाही.

"साहेब, कोटाले डांबरगोळ्यांचा मस्त वास येऊन राहिला. उरल्या असतील त दोन मले द्या ना. माह्या लग्नातल्या शालूले कसर लागली."