बागेतला परका

वेल्डरची बायको अपघातानंतर शुद्धीवर आलीच नव्हती. इस्पितळातलं हेल्मेट त्याने डोक्यावर चढवलं की एका आभासी बागेत मात्र ती त्याला भेटायची, हसायची, गप्पा मारायची. फक्त ओळखायची नाही.

"आज शेवटचा दिवस," डॉक्टर म्हणाले. "तिने आपणहून ओळखलं, तरच उपचार पुढे चालू ठेवता येतील. तुम्ही काही सांगायचं नाही."

बागेत शिरताच त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "नीट बघा ना माझ्याकडे. पाया पडतो तुमच्या. सांगा, कोण आहे मी?"

ती बघत राहिली. बघता बघता तिचे डोळे भरून आले. तिने हळूच हात सोडवून घेतले.

"तुम्ही फार आवडायला लागलात मला," ती म्हणाली. "म्हणूनच उद्यापासून येऊ नका. माझा नवरा घरी वाट बघत असेल."